विश्रांतीतल्या स्नायूचाही खर्च असतो: डॉ. अल्बर्ट सेंट-ग्योर्गी यांची गोष्ट

वजन कमी होत नाही म्हणून येणाऱ्या रुग्णांपैकी बरेच जण एक तक्रार हमखास करतात: आपला चयापचयच मंद आहे. घरात कुणी दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेलं असेल, तर नातेवाईक उलट बाजूने विचारतात, की हे तर काहीच हालचाल करत नाहीत, मग इतका आहार कशाला? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. माणूस अगदी स्वस्थ पडून असतो, तेव्हा शरीराचं मीटर कशावर फिरत असतं?

मेंदू, यकृत, हृदय आणि मूत्रपिंडं हे मोठे ग्राहक. वजनाने ते शरीराचा अगदी लहान भाग, पण विश्रांतीतल्या खर्चाचा निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा. त्यांच्यानंतर नंबर लागतो स्नायूंचा. प्रौढ माणसाच्या वजनात स्नायू साधारण ४० टक्के असतात आणि पूर्ण विश्रांतीतल्या ऊर्जाखर्चात त्यांचा वाटा सुमारे २० ते २५ टक्के असतो. म्हणजे हात-पाय न हलवताही स्नायू काहीतरी जाळत असतात. काय आणि कशासाठी, हे समजण्याचा रस्ता ज्यांच्या प्रयोगशाळेतून गेला, त्या हंगेरियन डॉक्टरांची ही गोष्ट आहे. बहुतेकांना ते क जीवनसत्त्वामुळे माहीत असतात. त्यांचं स्नायूंवरचं काम मात्र आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही, आणि माझ्या मते तेच त्यांचं जास्त मोठं काम आहे.

आडनाव उच्चारायला अवघड आहे. मराठीत सेंट-ग्योर्गी असं लिहिण्याची पद्धत आहे. हंगेरियन माणूस ते सेंट-द्योर्दीच्या जवळपास उच्चारतो.

मामाचा नावडता भाचा

अल्बर्टचा जन्म १६ सप्टेंबर १८९३ रोजी बुडापेस्टमध्ये झाला. वडील जमीनदार, लक्ष सगळं शेतीत. आईच्या माहेरी मात्र डॉक्टरांची परंपरा होती. आजोबा शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक, आणि मामा मिहाय लेनहोशेक हेही त्याच विषयातलं मोठं नाव. या मामाचं घरात वजन होतं आणि भाच्याबद्दलचं त्यांचं मत वाईट होतं. लहानपणी अल्बर्ट अभ्यासात मागे, पुस्तकांचा कंटाळा करणारा. सोळाव्या वर्षाच्या आसपास काय झालं कोण जाणे, मुलगा एकदम वाचायला लागला, वर्गात पुढे आला आणि आपल्याला वैद्यकीय संशोधन करायचंय असं जाहीर करून मोकळा झाला.

मामाने साफ विरोध केला. गुण सुधारत गेले तसा विरोध थोडा मावळला. शेवटी परवानगी मिळाली तीही अशी, की पहिलं संशोधन गुदद्वाराच्या अस्तरावर करायचं. मामाला स्वतःला मूळव्याधीचा त्रास होता, त्यामुळे या विषयात त्याला रस होता. १९११ मध्ये वैद्यकीय शिक्षण सुरू केलेल्या या विद्यार्थ्याचा पहिला शोधनिबंध खरोखरच त्या विषयावर आहे. आपण विज्ञानाची सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली, असा विनोद ते पुढे आयुष्यभर करत.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि शिक्षण अर्धवट टाकून त्यांना आघाडीवर जावं लागलं. शौर्यासाठी पदकही मिळालं. पण खंदकांमधली दोन वर्षं पाहिल्यावर त्यांना त्या युद्धात काही अर्थ दिसेना. १९१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या दंडावर गोळी झाडून घेतली आणि ती शत्रूची आहे असं सांगितलं. हाड मोडलं, जीव वाचला, घरी पाठवणी झाली. १९१७ मध्ये ते डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी कोर्नेलिया देमेनी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगी नेली जन्मली.

दहा वर्षं बिऱ्हाड पाठीवर

युद्धानंतर हंगेरीचे तुकडे पडले. घरची मालमत्ता गेली, नोकरी नव्हती. प्राग, बर्लिन, हॅम्बर्ग, लायडन, ग्रोनिंगेन असा बायको-मुलीसह प्रवास सुरू झाला. कुठे औषधशास्त्र, कुठे जीवरसायन, पगार कायम अपुरा. ग्रोनिंगेनमध्ये त्यांना पाठिंबा देणारे प्राध्यापक वारले आणि नव्या प्रमुखांना त्यांच्या कामात रस नव्हता. १९२६ मध्ये त्यांनी बायको-मुलीला माहेरी पाठवून दिलं. आयुष्य संपवावं इथपर्यंत निराशा पोचली होती.

तशातच ते स्टॉकहोमच्या शरीरक्रियाशास्त्र परिषदेला गेले. तिथे केंब्रिजचे फ्रेडरिक गाउलंड हॉपकिन्स भाषण करत होते. जीवनसत्त्वांच्या शोधातलं हे फार मोठं नाव. बोलता बोलता त्यांनी सेंट-ग्योर्गी यांच्या वनस्पतींच्या श्वसनावरच्या एका लेखाचा उल्लेख केला. भाषण संपल्यावर ते हॉपकिन्सना जाऊन भेटले आणि केंब्रिजचं आमंत्रण घेऊनच बाहेर पडले. रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळाली. एका उल्लेखाने एक आयुष्य सावरलं, हे इथे नोंदवलं पाहिजे.

केंब्रिजमध्ये त्यांनी मूत्रपिंडावर बसणाऱ्या ॲड्रिनल ग्रंथींमधून एक पांढरा पदार्थ वेगळा केला. तो साखरेसारखा होता पण नेमका काय, ते कळत नव्हतं. त्याला त्यांनी आधी मला माहीत नाही अशा अर्थाचं आणि मग देवालाच ठाऊक अशा अर्थाचं नाव सुचवलं. जर्नलच्या संपादकांना दोन्ही विनोद आवडले नाहीत. शेवटी हेक्झुरॉनिक आम्ल हे गंभीर नाव पडलं. त्यातून पीएच.डी. झाली.

मिरची, क जीवनसत्त्व आणि नोबेल

हा भाग सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. हंगेरीचे शिक्षणमंत्री क्लेबेल्सबर्ग यांनी त्यांना मायदेशी बोलावलं आणि सेगेद या गावच्या विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. तिथे जोसेफ स्विरबेली या तरुण रसायनशास्त्रज्ञाने गिनीपिगांवर प्रयोग करून दाखवलं, की हेक्झुरॉनिक आम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व माणसाप्रमाणेच गिनीपिगलाही शरीरात बनवता येत नाही, म्हणून निवड त्याची. अमेरिकेतल्या चार्ल्स ग्लेन किंग यांनीही १९३२ मध्येच हा शोध जाहीर केला आणि श्रेयाचा वाद बराच काळ चालला.

पुरेसा पदार्थ मात्र मिळत नव्हता. सेगेदचा परिसर पाप्रिका मिरचीसाठी प्रसिद्ध. आपल्या ढोबळी मिरचीची ती सख्खी बहीण. एका रात्री जेवणात ती ताटात आली, खायची इच्छा नव्हती, म्हणून ते ती प्रयोगशाळेत घेऊन गेले. मध्यरात्रीपर्यंत कळलं, की ही तर क जीवनसत्त्वाची खाण आहे. काही आठवड्यांत किलोच्या हिशोबात शुद्ध पदार्थ हाती आला. बर्मिंगहॅमच्या नॉर्मन हॉवर्थ यांनी त्याची रचना शोधली आणि नाव पडलं ॲस्कॉर्बिक आम्ल. स्कर्व्ही होऊ न देणारं, असा त्याचा अर्थ.

१९३७ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं ते केवळ क जीवनसत्त्वासाठी नव्हे. पेशींमध्ये अन्न कसं जळतं, यावरच्या कामासाठीही ते होतं. कबुतराच्या छातीचा स्नायू खूप ऑक्सिजन वापरतो. तो बारीक करून त्यांनी दाखवलं होतं, की फ्युमारिक आम्लासारखे काही लहान पदार्थ स्वतः न संपता हे जळण चालू ठेवतात. त्याच वर्षी हान्स क्रेब्ज यांनी याच धाग्यांवरून पूर्ण चक्र जुळवलं. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्यांना ते क्रेब्ज चक्र म्हणून आठवत असेल.

उतारवयात ते स्वतः क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात घेत आणि त्याचा पुरस्कारही करत. या बाबतीत त्यांचं ऐकू नका. रोजची गरज एका मध्यम पेरूने किंवा आवळ्याने सहज भागते. रोज काही ग्रॅम गोळ्या घेतल्याने कर्करोग टळतो याला पुरावा नाही, आणि मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

रात्रभर राहून गेलेला लगदा

नोबेलनंतर माणूस त्याच विषयावर स्वस्थ बसला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. सेंट-ग्योर्गी यांनी विषयच बदलला. सजीव आणि निर्जीव यांतला सगळ्यांत ठळक फरक म्हणजे हालचाल, असं त्यांना वाटे, आणि हालचाल समजून घ्यायची तर स्नायू हाती घ्यायला हवा होता.

तेव्हा ठाऊक होतं ते एवढंच: स्नायूत मायोसिन नावाचं प्रथिन भरपूर असतं, आणि एटीपी नावाचा एक लहान रेणू ऊर्जेची देवाणघेवाण करतो. एटीपीचा शोध १९२९ मध्ये लागला. एका बाजूला जर्मनीत कार्ल लोमान आणि दुसऱ्या बाजूला हार्वर्डमध्ये सायरस फिस्क व आंध्रातून तिथे गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे लावला. १९३९ मध्ये मॉस्कोच्या एंगलहार्ट आणि ल्युबिमोवा या पती-पत्नींनी कळवलं, की मायोसिन हे नुसतं बांधकामाचं साहित्य नाही, ते स्वतःच एटीपी फोडतं. म्हणजे यंत्र आणि इंधन जाळणारी भट्टी एकाच रेणूत.

सेगेदमध्ये हे तपासायला घेतलं ते इलोना बांगा यांनी. सशाचा ताजा स्नायू बारीक करून तीव्र क्षारद्रावणात वीस मिनिटं ठेवायचा, की मायोसिन द्रावणात उतरतं. एकदा हा लगदा रात्रभर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पाहतात तर पातळ द्रावणाऐवजी घट्ट, चिकट खळ तयार झालेली. एखाद्याने ती फेकून दिली असती. बांगांनी त्यात एटीपी टाकलं आणि खळ पुन्हा पातळ झाली.

मग त्यांनी हे चिकट प्रथिन बारीक तोंडाच्या नळीतून पाण्यात सोडून त्याचे धागे केले, शेवयांसारखे. त्या धाग्यांवर उकळलेल्या स्नायूचा रस टाकला, ज्यात एटीपी आणि क्षार असतात. धागे डोळ्यांदेखत आखडले. प्राण्याच्या शरीराबाहेर, काचेच्या तबकडीत, दोन-तीन पदार्थ एकत्र आणून हालचाल घडवली गेली होती. आपल्या आयुष्यातला सर्वांत थरारक क्षण तो, असं ते नंतर सांगत. नोबेलबद्दल त्यांनी असं कधी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

वीस मिनिटांच्या द्रावणातल्या मायोसिनचे धागे मात्र आखडत नव्हते. रात्रभरच्या लगद्यात असं काय जास्त होतं? तरुण ब्रुनो स्ट्रॉब यांनी १९४२ मध्ये ते शोधलं. ते दुसरंच एक प्रथिन होतं, आणि त्याला ॲक्टिन नाव मिळालं. मायोसिन आणि ॲक्टिन यांची जोडी, आणि त्यांना खेळवणारं एटीपी: स्नायूचं मूळ गणित इथे मांडलं गेलं. हे सगळं ऐन महायुद्धात, बाहेरच्या जगाशी संपर्क तुटलेल्या एका लहान गावात. निबंध विद्यापीठाच्या स्वतःच्या पुस्तिकांमध्ये छापले गेले आणि जगाला त्यांचा पत्ता बऱ्याच अंशी युद्ध संपल्यावर लागला.

आता आपल्या प्रश्नाशी याचा संबंध पाहा. रात्रभर ठेवलेल्या लगद्यातलं एटीपी संपून गेलं होतं, म्हणून ॲक्टिन आणि मायोसिन एकमेकांना घट्ट चिकटून बसले होते. एटीपी येताच ते सुटले. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठर होतं, तेही याच कारणाने: एटीपी बनणं थांबतं आणि प्रथिनं एकमेकांत अडकतात. सैल राहणं ही स्नायूची आपोआप मिळणारी अवस्था नाही. ती एटीपीच्या जोरावर टिकवून धरावी लागते. आकुंचनाला ऊर्जा लागते हे कुणालाही पटतं. शिथिल होण्यासाठीही एटीपी हवं, हे सेगेदच्या त्या खळीने दाखवलं.

थायरॉइड कमी असल्याची शंका आली की काही डॉक्टर टाचेमागच्या शिरेवर रबरी हातोडी मारतात, हे तुम्ही अनुभवलं असेल. पाऊल पटकन हलतं, पण जागेवर सावकाश परततं. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की स्नायूतले कॅल्शियम आत ओढणारे पंप मंदावतात आणि शिथिल व्हायला वेळ लागतो. रक्ताच्या तपासण्या नव्हत्या तेव्हा ही खूण फार उपयोगी पडे.

गुप्त दौरा

हंगेरी जर्मनीच्या बाजूने युद्धात होता आणि सेंट-ग्योर्गी नाझींचे उघड विरोधक. ज्यू सहकाऱ्यांना ते मदत करत. १९४३ मध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने ते इस्तंबूलला गेले. खरं काम वेगळं होतं: पंतप्रधान काल्लाय यांच्या संमतीने दोस्त राष्ट्रांशी गुप्त बोलणी. जर्मनांना सुगावा लागला. हिटलरपर्यंत हे नाव पोचलं आणि त्यांना ताब्यात देण्याची मागणी झाली. १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्यावर ते भूमिगत झाले. बुडापेस्टमधल्या स्वीडनच्या वकिलातीने त्यांना स्वीडिश नागरिकत्व देऊन आसरा दिला. शेवटी सोव्हिएत सैन्याने त्यांना शोधून बाहेर काढलं.

युद्धानंतर ते खासदार झाले, देशाचे राष्ट्राध्यक्ष म्हणूनही त्यांचं नाव घेतलं जाई. पण नव्या सत्तेचा रंग दिसू लागला तसा त्यांचा भ्रमनिरास झाला. १९४७ मध्ये त्यांनी हंगेरी सोडली आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वुड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत मुक्काम टाकला. तो शेवटपर्यंत.

फ्रीझरमधला स्नायू

धाग्यांच्या प्रयोगावर एक आक्षेप होता आणि तो योग्य होता. धागे आखडतात म्हणजे कदाचित त्यांतलं पाणीच बाहेर पडत असेल. खरा स्नायू वजन उचलतो, हे धागे काय उचलणार? १९४९ मध्ये सेंट-ग्योर्गी यांनी याला फार साधं उत्तर दिलं. सशाच्या पाठीच्या कण्याजवळच्या लांब स्नायूची पट्टी त्यांनी निम्मं पाणी आणि निम्मं ग्लिसरीन अशा मिश्रणात बुडवून उणे २० अंशांवर ठेवली. पेशींचं आवरण गळून जातं, विरघळणारे पदार्थ निघून जातात, पण ॲक्टिन-मायोसिनची मांडणी जशीच्या तशी राहते. महिन्यांनंतर ही पट्टी काढून एटीपीच्या द्रावणात टाकली, तर ती जिवंत स्नायूच्या तोडीच्या ताकदीने आखडते. ही युक्ती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते.

आकुंचन नेमकं कसं होतं याबद्दलचा त्यांचा अंदाज पुढे टिकला नाही. प्रथिनं घडी होऊन आखूड होतात असं त्यांना वाटे. १९५४ मध्ये दोन गटांनी दाखवलं, की तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. त्याच वर्षी सेंट-ग्योर्गी यांना स्नायूंवरच्या कामासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

मायोसिनची झोप

एक कोडं मात्र राहिलं. शुद्ध केलेलं मायोसिन काचेच्या नळीत एटीपी फोडतं तो वेग मोजता येतो. शरीरात मायोसिन किती आहे तेही माहीत आहे. गुणाकार केला तर विश्रांतीतल्या स्नायूचा खर्च प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त येतो. जिवंत, शांत स्नायूत मायोसिन नळीतल्यापेक्षा खूप काटकसर करत होतं, आणि कशी ते समजत नव्हतं.

कॅलिफोर्नियातल्या रॉजर कुक यांच्या गटाने २०१० मध्ये याचा उलगडा केला. सेंट-ग्योर्गी तोवर हयात नव्हते, पण प्रयोग झाला तो आवरण काढून टाकलेल्या स्नायुतंतूंवर, म्हणजे त्यांनीच दाखवलेल्या वाटेवर. मायोसिनच्या रेणूला दोन डोकी असतात. विश्रांतीत त्यांतली बरीचशी डोकी मागे वळून जाड तंतूच्या अंगावर दुमडून बसतात, खोडावर पंख मिटून बसलेल्या वटवाघळांसारखी. या अवस्थेत एक एटीपी वापरायला मायोसिनला काही मिनिटं लागतात. दुमडलेलं नसलेलं पण काम न करणारं मायोसिन तेच एटीपी अर्ध्या मिनिटाच्या आत संपवतं. वेगात सुमारे दहापट फरक. या गाढ अवस्थेला अतिशिथिल अवस्था म्हणतात.

त्यामुळे पलंगावर पडलेल्या माणसाच्या स्नायूंचा खर्च बऱ्याच अंशी यावर ठरतो, की त्याचं किती मायोसिन झोपलंय आणि किती नुसतं पेंगतंय. याच्या जोडीला कॅल्शियम आत ओढणारे पंप असतात, सोडियम-पोटॅशियमचे पंप असतात, जुनी प्रथिनं मोडून नवी बांधण्याचं काम चालू असतं. सगळं मिळून विश्रांतीतला एक किलो स्नायू दिवसाला सुमारे १३ किलोकॅलरी जाळतो. एक किलो चरबी साधारण ४ ते ५.

हा १३ चा आकडा लक्षात ठेवा, कारण जिममध्ये आणि जाहिरातींमध्ये याच्या कितीतरी पट आकडे सांगितले जातात. व्यायामाने दोन किलो स्नायू कमावले, जे सोपं नाही, तर विश्रांतीतला खर्च दिवसाला पंचवीसेक किलोकॅलरींनी वाढेल, म्हणजे पाव पोळीएवढा. व्यायामाचे फायदे मोठे आहेत, साखर आटोक्यात राहते, तोल सांभाळला जातो, हाडं टिकतात. पण झोपेत चरबी जळावी म्हणून स्नायू वाढवा, हा सल्ला आकड्यांत बसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचं गणित याच्या उलट बाजूने महत्त्वाचं आहे. त्यांचे स्नायू काम करत नसले तरी खर्च थांबलेला नसतो आणि प्रथिनांची मोडतोड वाढलेली असते. आहार तोडला तर स्नायू आणखी झपाट्याने जातात. किती आणि काय द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार असेल तर.

झोपलेलं मायोसिन जागं करून वजन कमी करणारं औषध शोधता येईल का, हा विचार संशोधकांच्या मनात आहे. असं औषध आज उपलब्ध नाही. विश्रांतीतला खर्च जबरदस्तीने वाढवण्याचा एक प्रयोग मात्र माणसावर होऊन गेला आहे. १९३०च्या दशकात डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजन घटवायला दिलं जाई. ते पेशीतलं जळण एटीपी न बनवताच उष्णतेत घालवतं. लोकांचं वजन उतरलं, काहींना मोतीबिंदू झाले, काहींचा अंग तापून मृत्यू झाला. आजही ते चोरून विकलं जातं. पावडर कुठल्याही नावाने आली तरी घेऊ नका.

शांत स्नायू अचानक पेटला तर काय होतं, हे भूलतज्ज्ञांना चांगलं माहीत असतं. काही कुटुंबांमध्ये स्नायूतल्या कॅल्शियमच्या झडपेत जनुकीय दोष असतो. एरवी काही त्रास नसतो. पण भूल देण्याच्या काही वायूंनी किंवा सक्सामेथोनियम या औषधाने ती झडप उघडीच राहते. मायोसिन आणि पंप दोन्ही एटीपी जाळत सुटतात, स्नायू ताठरतात, ताप भराभर चढतो. डँट्रोलिन हे औषध वेळेत दिलं तर जीव वाचतो. तुमच्या नात्यात कुणाला भुलीच्या वेळी असा ताप किंवा अकस्मात मृत्यू झाला असेल, तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना ते न विसरता सांगा.

हृदयाच्या बाबतीत ही झोप औषध म्हणूनही वापरात आली आहे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी या आनुवंशिक आजारात हृदयाची भिंत जाड होते. अनेक रुग्णांत त्याचं मूळ मायोसिनमध्ये किंवा त्याला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनात असतं: जेवढी डोकी दुमडून बसायला हवीत तेवढी बसत नाहीत, हृदय गरजेपेक्षा जोरात आखडतं, नीट सैल होत नाही आणि इंधनही जास्त जाळतं. मॅवाकॅम्टेन हे औषध मायोसिनला पुन्हा त्या शांत अवस्थेकडे नेतं. रक्ताचा मार्ग अडवणाऱ्या प्रकारच्या आजारासाठी अमेरिकेत त्याला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. डोस जास्त झाला तर हृदयाची ताकदच कमी होऊ शकते, म्हणून ते घेताना ठरावीक काळाने इको करावाच लागतो.

वुड्स होलची शेवटची वर्षं

सेंट-ग्योर्गी यांनी पन्नाशीच्या दशकानंतर स्नायू मागे ठेवला आणि कर्करोगाकडे वळले. त्याला घरचं कारण होतं. दुसरी पत्नी मार्ता १९६३ मध्ये कर्करोगाने गेली. काही वर्षांनी मुलगी नेली, तीही त्याच आजाराने. पेशी हाताबाहेर का वाढतात याचं उत्तर त्यांनी इलेक्ट्रॉनांच्या हालचालीत शोधलं. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही आणि सरकारी अनुदानं मिळेनाशी झाली. १९७३ मध्ये फ्रँकलिन सॅलिसबरी या वकिलाने त्यांच्या कामासाठी लोकांकडून छोट्या छोट्या देणग्या गोळा करणारी संस्था उभी केली. त्या संस्थेच्या पैशातून पुढे अनेक देशांतल्या कर्करोग संशोधकांना मदत झाली. त्यांच्या स्वतःच्या सिद्धांतातून उपचार निघाला नाही.

नव्वदीच्या उंबरठ्यावरही ते प्रयोगशाळेत येत. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी, ९३ व्या वर्षी, वुड्स होलमध्येच त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी सेगेदच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं.